सात्त्विक दान आणि तरुणांचा विषाद

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे आपले कर्तव्यच आहे या बुद्धीने, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य देश, योग्य काल आणि योग्य पात्र पाहून जे दिले जाते ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून, किंवा हात आखडत जे दिले जाते ते राजस. आणि देश, काल व पात्र यांचा विचार न करता, घेणाऱ्याची अवहेलना करीत जे दिले जाते ते तामस.

हे विवेचन आपल्याकडील गृहस्थास ठाऊक नाही असे नाही. अन्नदान, वस्त्रदान, विद्यादान यांची परंपरा घरोघर चालत आलेली आहे. आजोबांनी विहीर बांधली, वडिलांनी देवळास घंटा दिली, मुलगा दर वर्षी उत्सवाची एक पंगत घालतो. हे सर्व उत्तमच होय. परंतु देश, काल आणि पात्र यांचा विचार करावा, असे भगवंत म्हणतात त्याचा अर्थ असा की, तो विचार प्रत्येक पिढीने नव्याने करावयाचा असतो. ज्या ठिकाणी आजोबांनी दिले त्याच ठिकाणी केवळ सवयीने देत राहिल्यास दान होते, पण विचार राहून जातो. म्हणून आजच्या गृहस्थाने स्वतःस विचारले पाहिजे की, आज आपल्या अंगणाशी कोण उभे आहे आणि त्याची भूक कशाची आहे?

पात्र

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. ते पात्र पुष्कळदा आपल्याच घरात, दार लावून घेतलेल्या खोलीत बसलेले असते. त्याच्या पुढ्यात ताट वाढलेले आहे, अंगावर चांगले वस्त्र आहे, हातात महागडा मोबाईल आहे आणि तरीही त्याचे मन उपाशी आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन स्वतःच्या हाताने संपविले. आणि राज्यवार पाहता ही संख्या सर्वांत अधिक महाराष्ट्रात होती. त्यापूर्वी २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत तेरा ते सतरा वर्षे वयाच्या मुलांमध्ये शंभरांत सुमारे सात जणांना मनाचा काही ना काही विकार असल्याचे आढळले. त्याच पाहणीने असेही दाखविले की, निरनिराळ्या मनोविकारांत शंभरांपैकी सत्तर ते ब्याण्णव रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. अन्नाच्या बाबतीत अशी स्थिती असती तर देशाने तिला दुष्काळ म्हटले असते. मनाच्या बाबतीत तिला अजून नाव मिळालेले नाही, इतकेच.

या दुःखास गीतेने मात्र नाव दिलेले आहे. तिच्या पहिल्या अध्यायाचे नावच मुळी विषादयोग असे आहे. अर्जुनाची गात्रे गळाली, तोंड कोरडे पडले, अंगास कंप सुटला, त्वचेचा दाह होऊ लागला, हातातून गांडीव निसटले, उभे राहवेना, मन भ्रमल्यासारखे झाले. आजच्या एखाद्या वैद्याने रुग्णाची लक्षणे टिपून घ्यावीत तितक्या नेमकेपणाने व्यासांनी ही लक्षणे नोंदविली आहेत. आणि ही लक्षणे कोणाची? किरातरूपी शंकराशी झुंजलेल्या, विराटाच्या रणात एकट्याने कौरवांना मागे फिरविणाऱ्या वीराची. यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरते. मन खचणे हे भ्याडपणाचे लक्षण नाही. ते थोरामोठ्यांवर येते, आणि नेमके कसोटीच्या क्षणी येते.

आणखी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. पहिल्या अध्यायात भगवंत जवळजवळ काहीच बोलत नाहीत. रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा करून ते एकच वाक्य बोलतात. मग अर्जुन बोलत राहतो आणि भगवंत ऐकत राहतात. तो रडतो, युक्तिवाद करतो, कुलक्षयाची भीती बोलून दाखवितो, शेवटी धनुष्य टाकून रथात बसतो. इतके सगळे बोलून होईपर्यंत सारथी त्याला अडवीत नाही. ज्ञान, कर्म आणि भक्ती यांचा उपदेश नंतरचा. आधी श्रवण आहे. अर्जुनास असा ऐकणारा मिळाला नसता तर जगास गीताही मिळाली नसती.

काल

आता कालाचा विचार करू. सांप्रतच्या काळात माणसाच्या भाषेत बोलणारी यंत्रे निर्माण झाली आहेत. त्यांस कृत्रिम बुद्धिमत्ता असे म्हणतात. शाळकरी मूल त्यांच्याकडून गणित समजून घेते, निबंध लिहून घेते आणि रात्री घर निजल्यावर आपल्या मनातले दुःखही त्यांनाच सांगते. अशा एका प्रमुख यंत्राच्या निर्मात्यांनी २०२५ च्या ऑक्टोबरात स्वतःच प्रसिद्ध केले की, दर आठवड्यास त्यांच्या यंत्राशी बोलणाऱ्यांपैकी सुमारे ०.१५ टक्के लोकांच्या संभाषणात जीवन संपविण्याच्या विचाराच्या स्पष्ट खुणा आढळतात. टक्केवारी लहान दिसते. परंतु त्या यंत्राचे साप्ताहिक वापरकर्ते तेव्हा ऐंशी कोटींच्या घरात होते, म्हणजे ही माणसे बारा लाखांच्या आसपास भरतात. अमेरिकेत आपले मूल गमावलेल्या काही मातापित्यांनी २०२४ आणि २०२५ साली अशा यंत्रांच्या कंपन्यांवर न्यायालयात दावेही दाखल केले आहेत.

येथे यंत्रास शिव्याशाप देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नव्हे. मूल यंत्राकडे का गेले, याचा विचार आधी झाला पाहिजे. यंत्र रात्री दोन वाजताही जागे असते, ते रागावत नाही, शेजारच्या मुलाचे गुण काढून दाखवीत नाही, 'आमच्या वेळी असे नव्हते' असे म्हणत नाही. घरात जे मिळाले नाही ते मुलाने बाहेर शोधले. यात यंत्राचा जेवढा पराक्रम आहे, त्याहून घराची उणीव अधिक आहे.

परंतु यंत्राच्या मैत्रीस एक मर्यादा आहे आणि ती ओळखण्याची कसोटी गीतेतच आहे. सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगताना भगवंतांनी वाणीस अनेक अटी घातल्या आहेत. ती समोरच्यास उद्विग्न करणारी नसावी, सत्य असावी, प्रिय असावी आणि हितकरही असावी. यांपैकी प्रिय बोलणे यंत्रास फार चांगले साधते. किंबहुना ते इतके साधते की, २०२५ च्या एप्रिलमध्ये एका कंपनीस आपल्या यंत्राची नवी आवृत्ती, ती वापरणाऱ्याची अतिरेकी खुशामत करते म्हणून, काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. केवळ प्रिय बोलणारा मित्र अर्जुनास भेटला असता तर त्याने काय म्हटले असते? 'तुझे म्हणणे अगदी योग्य आहे, धनुष्य टाकलेस ते बरे केलेस, जा, भिक्षा मागून राहा.' भगवंतांनी प्रथम त्याचे सर्व ऐकून घेतले, मग त्यास कठोर शब्दांत हटकले आणि मग अठराव्या अध्यायापर्यंत धीराने समजाविले. ऐकणे, हटकणे आणि सोबत न सोडणे या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या म्हणजे तिला मैत्री म्हणतात. रथावर मित्राच्या शेजारी बसून, त्याच्यावर येणारे बाण आपल्याही अंगावर झेलणे हे यंत्राच्याने होणारे नाही. यंत्राने अधिकात अधिक एवढे करावे की, दुःखी मुलास माणसाच्या दारापर्यंत आणून सोडावे. मात्र त्या दारात माणूस उभा असला पाहिजे, आणि तो उभा करणे हेच आजच्या दानाचे कार्य आहे.

देश

देशाचा विचार करताना छत्तीसगडची राजधानी रायपूर हे नगर डोळ्यांपुढे ठेवावे. या नगरास विषाद आणि त्यातून उठणे या दोहोंचा इतिहास आहे.

१८७७ साली चौदा वर्षांचा एक मुलगा आपल्या कुटुंबीयांसह बैलगाडीने अरण्ये ओलांडीत या गावी आला. प्रकृती ठीक नव्हती, शाळा सुटलेली होती. त्याचे वडील विश्वनाथ दत्त कामानिमित्त येथे राहत होते. बूढापारा भागात हे कुटुंब राहिले. वडिलांनी मुलास शाळेवाचून वाया जाऊ दिले नाही. ते त्याच्याशी गंभीर विषयांवर बोलत, त्यास वाद घालू देत, घरी येणाऱ्या विद्वानांच्या बैठकीत त्यास बसवीत. १८७९ साली तो मुलगा कलकत्त्यास परतला तेव्हा तो शरीराने आणि मनाने पुष्ट झालेला होता. तो नरेंद्र पुढे स्वामी विवेकानंद झाला. त्याच्या जडणघडणीत रायपूरच्या त्या दिवसांचा वाटा काय, असे विचारल्यास उत्तर सोपे आहे. पित्याने आपला वेळ दिला.

दुसरे उदाहरण पं. माधवराव सप्रे यांचे. मराठी घरात जन्मलेल्या आणि हिंदीची आयुष्यभर सेवा केलेल्या या पुरुषाने १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले. पुढे नागपुराहून 'हिंदी केसरी' चालविताना १९०८ साली त्यांस राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. कुटुंबीयांच्या दडपणाखाली त्यांनी क्षमापत्र लिहून दिले आणि ते सुटले. पण ती सुटका त्यांच्या मनास कारागृहाहून जाचक झाली. आत्मग्लानीने ते ग्रासले. लोकांत तोंड दाखविणे त्यांनी सोडले, माधुकरी मागून राहू लागले आणि रामदासी संप्रदायाच्या आश्रयास जाऊन दासबोधाच्या पारायणात बुडून गेले. त्या एकांतातून ते उठले ते दासबोधाचे हिंदी भाषांतर घेऊन. पुढे १९१५ साली लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' प्रसिद्ध झाले, तेव्हा ते हिंदी वाचकांपर्यंत नेण्याचे कार्यही सप्र्यांच्याच हातून घडले. १९२६ साली रायपुरातच त्यांचा देहान्त झाला.

खचलेला हा मनुष्य कशाने उठला? गुरूचा आधार, ग्रंथाचा अभ्यास आणि हाती घेतलेले काम ही कारणे कोणीही सांगेल. पण आणखी एक कारण आहे. त्या दिवसांत काही घरांतील माउलींनी त्यांच्या झोळीत भाकरी घातली. 'क्षमा मागून सुटलेला तो हाच का?' असे विचारून त्यांस दारातून परत पाठविले नाही. त्या माउलींची नावे कोणत्याही फलकावर कोरलेली नाहीत. सतराव्या अध्यायातील सात्त्विक दान ते हेच होय.

याच भूमीत पौष पौर्णिमेस छेरछेरा नावाचा सण होतो. भाताचे पीक कोठारात आलेले असते. त्या दिवशी मुले टोळ्या करून घरोघर धान्य मागत जातात आणि प्रत्येक घर त्यांच्या टोपलीत ओंजळभर धान घालते. या सणात मालगुजाराचा मुलगाही मागतो आणि शेतमजुराचे घरही देते. मागण्याची लाज वाटू नये आणि देण्याचा गर्व होऊ नये, हा धडा छत्तीसगडच्या शेतकऱ्याने आपल्या लेकरांस वर्षातून एकदा गिरवावयास दिला आहे. आज तरुणांचे मोठे संकट हेच आहे की, धान मागण्याची लाज नसलेल्या या देशात धीर मागण्याची लाज वाटते. 'मला बरे वाटत नाही' एवढे तीन-चार शब्द आईजवळ उच्चारण्यास मुलास महिने लागतात. आणि काही मुलांच्या तोंडून ते कधीच बाहेर पडत नाहीत.

शंका आणि समाधान

येथे काही श्रद्धाळू वाचकांच्या मनात शंका येईल. गीता हाताशी असता मनोवैद्याची गरज काय? भगवंतांनीच सहाव्या अध्यायात मनुष्याने आपला उद्धार आपणच करावा असे सांगितले आहे ना?

सांगितले आहे खरे. पण ते कोणास आणि केव्हा सांगितले, हे पाहिले पाहिजे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाने कबूल केले की, माझी बुद्धी गोंधळली आहे, मी तुला शरण आलो आहे, मला मार्ग दाखव. ज्याने आधी साहाय्य मागितले, त्यास पुढे स्वावलंबनाचा उपदेश झाला. स्वतःचा उद्धार करणे याचा अर्थ एकट्याने बुडत राहणे असा नाही. पुढे आलेला हात धरणे हेही स्वतःच्याच हाताने करावे लागते. शिवाय त्याच अध्यायात भगवंतांनी आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण यांच्या प्रमाणबद्धतेवर योग अवलंबून ठेवला आहे. ज्याची झोप आणि भूकच आजाराने हिरावली आहे, त्यास प्रथम वैद्याकडे नेणे हे योगाच्या वाटेवरचेच पाऊल होय. चरकादी आचार्यांनीही शरीराच्या व्याधींप्रमाणे मनाच्या व्याधी मानल्या आहेत. ताप आलेल्या मुलास औषध न देता केवळ स्तोत्र म्हणावयास कोणी सांगत नाही. स्तोत्र म्हणावे आणि औषधही द्यावे.

दात्यांची उदाहरणे

या क्षेत्रात दान कसे करावे याची उदाहरणे आपल्याच समाजात आहेत. गर्दच्या व्यसनात सापडलेल्या तरुणांची कहाणी अनिल अवचट यांनी लिहिली, ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचे मन द्रवले. त्यांनी एक लाख रुपये पुढे केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या नेतृत्वाखाली मुक्तांगण उभे राहिले. १९९० साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्यासाठी संस्था स्थापिली. उद्योगपती हर्ष मरिवाला यांनी २०१५ साली केवळ मानसिक आरोग्याच्या कार्यास साहाय्य करण्यासाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला. रोहिणी निलेकणी यांच्या दानसंस्थेने २०२३ साली मेंदू आणि मन यांच्या संशोधनासाठी बंगळुरातील केंद्रास शंभर कोटी रुपये देण्याचे ठरविले. त्यांचे आजोबा बाबासाहेब सोमण हे १९१७ साली गांधीजींच्या हाकेस ओ देऊन चंपारणास गेलेले. आजोबांनी आपल्या काळाचे पात्र शोधले, नातीने आपल्या काळाचे शोधले.

रायपूरलाही दात्यांची परंपरा आहे. तरेंग्याचे दाऊ कल्याणसिंह यांच्या दानातून उभे राहिलेले रुग्णालय आजही त्यांचे नाव धारण करून आहे. छत्तीसगड राज्य झाल्यावर काही वर्षे त्या वास्तूत मंत्रालय भरत असे. २०१८ साली ती पुन्हा रुग्णांची झाली. याच नगरात विवेकानंद आश्रम वाढविणारे आणि गीतेवर वर्षानुवर्षे प्रवचने करणारे स्वामी आत्मानंद यांनी मंदिरासाठी जमविलेला निधी दुष्काळपीडितांसाठी खर्च केला, ही हकीकत तेथे अजून आदराने सांगितली जाते. देवासाठी ठेवलेले धन भुकेल्यास दिल्याने देवाचे काही उणे झाले नाही. मंदिर पुढे झालेच.

शासन आपल्या परीने करीत आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सेवा सुरू असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य माणसाशी बोलता येते. रायपूरच्या एम्समध्ये मनोविकार विभाग आहे, बिलासपूरजवळ सेंदरी येथे मानसिक रुग्णालय आहे. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत समुपदेशक असावा, असा निर्देश दिला आहे. परंतु जगदलपुराहून रायपूर सुमारे तीनशे किलोमीटर आहे. तेथल्या आईस मुलाला घेऊन येण्यास भाडे लागते, मुक्कामास खोली लागते, एक दिवसाची मजुरी बुडते. शाळेत समुपदेशक ठेवावयाचा तर त्यास वेतन लागते, त्याआधी कोणी तरी ते शिक्षण घेतलेले लागते. आदेश आणि लेकरू यांच्यामधील हे अंतर दात्यांनी भरून काढावयाचे आहे.

गृहस्थाचे कर्तव्य

म्हणून गृहस्थाने यथाशक्ति पुढील मार्ग धरावा. ज्याच्याजवळ धन आहे त्याने एखाद्या शाळेतील समुपदेशकाचे वर्षाचे वेतन द्यावे, किंवा या विद्येचा अभ्यास करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती द्यावी. ज्या मंडळाजवळ वास्तू आहे, आणि रायपूरच्या महाराष्ट्र मंडळासारखी मंडळे गावोगावी आहेत, त्यांनी आठवड्यातून काही तास एक शांत खोली या कामास द्यावी. ज्याच्याजवळ धनही नाही आणि वास्तूही नाही त्याच्याजवळ कान आहेत. रोज जेवणानंतर अर्धा तास घरातील सर्वांचे मोबाईल बाजूस ठेवून मुलाचे बोलणे मध्ये न तोडता ऐकावे. हे दान रुपयांत मोजता येत नाही, परंतु विश्वनाथ दत्तांनी रायपुरात केले ते हेच. आणि मुलाच्या बोलण्यात जगण्याचा वीट आल्याची नुसती चाहूल लागली तरी उपदेश करीत न बसता, त्यास एकटे न सोडता, त्याच दिवशी जाणत्या माणसाकडे न्यावे.

देताना राजस आणि तामस दोष टाळावेत. साहाय्य घेतलेल्या मुलाचे छायाचित्र काढून ते समारंभात मिरविणे हे राजस होय. त्या मुलाचे दुःख ही त्याची ठेव आहे, दात्याची कीर्ती नव्हे. 'आजकालची पोरे नाजूक' असे म्हणत देणे हे तामस होय. त्या एका वाक्याने दिलेले सर्व धन मातीमोल होते.

गीतेच्या अखेरीस, सर्व उपदेश संपल्यावर, भगवंत अर्जुनास दोन गोष्टी बोलतात. पूर्ण विचार कर आणि मग तुला योग्य वाटेल तसे कर, असे सांगून ते त्याचे स्वातंत्र्य त्याच्या हाती परत देतात. आणि मग मायेने विचारतात की, तू एकाग्रतेने ऐकलेस ना, तुझा मोह गेला ना? जगद्गुरूसही आपल्या मित्राची अशी विचारपूस करणे कमीपणाचे वाटले नाही. प्रत्येक घरातील वडीलधाऱ्याने आज रात्री आपल्या मुलाच्या खोलीचे दार हलकेच लोटून तेवढीच विचारपूस करावी, आणि उत्तर येईपर्यंत तेथे बसून राहावे. ज्या घरात असे दार लोटणारे कोणी नाही, त्या घराच्या दाराशी आपले दान पोहोचवावे. पौष पौर्णिमेस टोपली पुढे करणाऱ्या मुलास छत्तीसगडात कोणी रिकाम्या हाती परत पाठवीत नाही. धीर मागावयास आलेले मूलही वर्षातील कोणत्याच दिवशी रिकामे परत जाऊ नये.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥